थ्री नॉट थ्रीचा पंचनामा

पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत जुन्या लष्करी रायफलीची नोंद बहुधा एका ओळीत आटोपते: जुनी, गंजलेली, लाकडी दस्त्याची, थ्री नॉट थ्री बोअरची रायफल, एक नग. कायद्याच्या कामापुरते एवढे पुरत असेल, इतिहासाला मात्र त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. त्या एका नगावर वीस-पंचवीस ठिकाणी ठसे असतात. कुठे राजाची आद्याक्षरे, कुठे कारखान्याचे नाव, कुठे साल, कुठे तपासनिसाची खूण, कुठे क्रमांक. यातला प्रत्येक ठसा कोणीतरी, कधीतरी, काही नियमाने मारलेला असतो. ते ठसे सगळे मिळून वाचले तर शस्त्राचा जन्म, दुरुस्त्या, बदल्या आणि निवृत्ती बऱ्याच खात्रीने मांडता येतात. अशा वाचनासाठी पिंपरी-चिंचवडइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. दापोडीहून हॅरिस पूल ओलांडून बोपोडीत उतरले की पलीकडे खडकी. तिथल्या अॅम्युनिशन फॅक्टरीत या रायफलीची काडतुसे पिढ्यानपिढ्या बनली. वायव्येला देहूरोडचे डेपो. आणि भोसरी, चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात गेज हातात धरून सुट्या भागांचे माप घेणारी हजारो माणसे. रायफल हे मुळात सुट्या भागांचे यंत्र आहे. ते कसे वाचायचे हे इतिहासाच्या पदवीधरापेक्षा टूलरूममधला फिटर लवकर ओळखेल.

खडकीचा कारखाना १८६९ सालचा. हे साल योगायोगाचे नाही. ब्रिटिश सैन्याने १८६६-६७च्या सुमारास ठासणीच्या एनफील्ड बंदुका बाजूला सारून मागून भरायच्या स्नायडर बंदुका घ्यायला सुरुवात केली होती. ठासणीच्या बंदुकीला दारू आणि गोळी कागदात गुंडाळून दिली की भागायचे. मागून भरायच्या बंदुकीला धातूची, नेमक्या मापाची, कारखान्यातच होणारी काडतुसे लागतात. म्हणजे कोणते शस्त्र कुठे, केव्हा आणि किती चालणार हे काडतुसाचा कारखाना ठरवू लागला.

हिंदी शिपायाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १८५७ नंतर सरकारने हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची शस्त्रे द्यायचे धोरण ठेवले. उठावानंतर लगेच त्यांच्यासाठी १८५८ आणि १८५९च्या खास बंदुका काढल्या. दिसायला त्या एनफील्डसारख्याच, पण नळीत आटे नाहीत, आतून गुळगुळीत, त्यामुळे लांबवरचा नेम नाही. पुढे गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर होती, आणि गोऱ्यांकडे मॅगझिनवाली ली-मेटफर्ड आली तेव्हा त्याच्या हाती मार्टिनी आली. म्हणून 'ही रायफल १८९०च्या सुमाराची' एवढ्यावर ती कोणाच्या खांद्यावर होती हे ठरत नाही. बनल्याचे साल आणि हिंदी पलटणीला मिळाल्याचे साल यांत कधी दहा-पंधरा वर्षांचे अंतर पडते, आणि ते अंतर हाही राजकीय पुरावाच असतो.

आता खुद्द थ्री नॉट थ्रीकडे. स्कॉटलंडमध्ये जन्मून कॅनडात वाढलेल्या जेम्स पॅरिस ली यांनी बोल्ट आणि सुटणारे मॅगझिन यांची रचना केली. ती १८८८मध्ये ली-मेटफर्ड म्हणून ब्रिटिश सैन्यात आली. मेटफर्डच्या नळीतले सात उथळ आटे काळ्या दारूला ठीक होते, पण कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूच्या उष्णतेपुढे ते टिकेनात. म्हणून १८९५मध्ये एनफील्डचे पाच खोल, डावीकडे वळणारे, दहा इंचांत एक फेरा घेणारे आटे आले आणि ली-एनफील्ड तयार झाली. नळीत उजेड धरून आटे मोजले तर ठसा पुसलेला असला तरी निम्मी ओळख होते. १९०३च्या सुमारास घोडदळ आणि पायदळ दोघांसाठी एकच आखूड रायफल आली. तिचा मार्क तीन १९०७चा. त्याच दशकात बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात रायफली बनू लागल्या. महायुद्धाच्या घाईत, जानेवारी १९१६मध्ये, मार्क तीनमधले लांब पल्ल्याच्या सांघिक गोळीबाराचे साइट, मॅगझिन रोखणारी पट्टी असे वेळखाऊ भाग कमी करायला परवानगी मिळाली आणि आकड्यापुढे एक तारा लागला. मार्क तीन तारा. आपल्याकडे पोलिसांच्या, गृहरक्षकांच्या, एनसीसीच्या कोतांत, म्हणजे शस्त्रागारांत, जी रायफल दिसत आली ती बहुतेक हीच, किंवा हिचीच भावंडे.

ओळखीची पहिली जागा म्हणजे बोल्टच्या मागे, लाकडी दस्ता ज्या पोलादी सॉकेटमध्ये बसतो त्याची उजवी बाजू. तिथे वरून खाली मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, साल आणि नमुना असा ठसा असतो. व्ही.आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, जानेवारी १९०१पर्यंत. ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. त्यानंतर जी.आर. इशापूरच्या रायफलींवर जी.आर.आय. असेही दिसते. शेवटचे अक्षर सम्राटपदाचे. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आणि आर.एफ.आय. ही अक्षरे आली. एनफील्ड, बीएसए, लंडन स्मॉल आर्म्स, ऑस्ट्रेलियातले लिथगो, इशापूर ही कारखान्यांची नावे तिथेच मिळतात. इंग्लंडहून आलेल्या मालावर हिंदुस्थान सरकारची खूण वेगळी असे: बाणाचे टोक आणि खाली रोमन आय.

हा ठसा घाईने वाचू नये. सरहद्दीवरच्या खैबर भागातल्या कारागिरांनी हातोडी-कानशीने केलेल्या नकला दूरवर पसरलेल्या आहेत. त्यांच्यावर व्हिक्टोरियाचे नाव आणि पुढे १९०७ असे साल बिनदिक्कत आढळते, रोमन अक्षरे उलटी कोरलेली असतात, बाणाची दिशा चुकते. असे दिसले की नक्कल म्हणावेसे वाटते. पण आखूड रायफलीवर व्हिक्टोरियाचा ठसा असला म्हणजे ती खोटीच, असेही नाही. जुन्या लांब ली-मेटफर्ड आणि ली-एनफील्ड रायफली कापून, नवी नळी बसवून आखूड केल्या गेल्या. त्या अधिकृत रूपांतरांवर जुना राजचिन्हाचा ठसा राहिला आणि रूपांतराची खूण वेगळी पडली. दोन्ही ठसे कायदेशीर, दोन्ही खरे, पण वेगवेगळ्या सालांचे. एका ठशावर निकाल देणारा इथे फसतो.

म्हणून दुसरी पायरी क्रमांकांची. ब्रिटिश पद्धतीत रायफलीचा क्रमांक एका जागी मारून थांबत नसत. बॉडीवर, नळीवर, बोल्टच्या दांड्यामागे, नळीच्या टोकाकडच्या नोजकॅपवर, मागच्या साइटच्या पानावर, पुढच्या लाकडावर तोच क्रमांक असे. यामागे निव्वळ यांत्रिक कारण होते. बोल्टचे दोन्ही कान बॉडीत समान टेकले पाहिजेत, आणि ते हाताने जुळवून घेतलेले असत. काडतुसाला कड असते आणि ते त्या कडेवर टेकते. बोल्ट बंद असताना त्या कडेसाठी सुटणारी जागा ०.०६४ इंचाहून कमी नको आणि ०.०७४ इंचाहून जास्त नको. म्हणजे मिलिमीटरमध्ये साधारण १.६३ ते १.८८. शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या आर्मोररकडे यासाठी गो आणि नो-गो गेज असत. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आणून घातला तर तो सरकेल, बंदही होईल, पण पाव मिलिमीटरच्या त्या मर्यादेत बसेलच याचा भरवसा नाही, आणि बसला नाही तर पुंगळी फाटू शकते. चाकणच्या लाइनवर बेअरिंगचा क्लिअरन्स तपासणाऱ्याला हे दोनदा सांगावे लागणार नाही.

अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संग्राहकांच्या बाजारात सगळे क्रमांक जुळणारी रायफल सगळ्यात महाग. जुळत नसेल तर भाव पडतो, दस्ता बदललेला असेल तर आणखी पडतो, शिकारीसाठी लाकूड कापलेले असेल तर फारच पडतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातून बाहेर गेलेल्या जुन्या रायफलींना तिकडे कमी लेखले गेले ते बहुतांशी याच कारणाने. भारतीय आर्मोरर सुटे भाग वाया घालवीत नसे. एका रायफलीची नळी, दुसरीचे नोजकॅप, तिसरीचा दस्ता, आणि जुना क्रमांक रेघ मारून खोडून त्याशेजारी नवा. माझे मत उलट आहे. अशी रायफल इतिहासकाराला जास्त मोलाची. कोरी, जुळणारी रायफल एवढेच सांगते की ती अमुक साली बनली आणि फारशी वापरली गेली नाही. क्रमांक खोडून नवा घातलेली रायफल म्हणजे फेरफारांच्या नोंदींनी भरलेला सातबारा असतो. प्रत्येक खाडाखोडीमागे एक हस्तांतर असते, आणि खोडलेली नोंदही वाचता येते.

या दुरुस्त्यांत काही खास आपल्याकडच्या आहेत. मॅगझिनच्या पुढे, लाकडाच्या आरपार जाणारा एक आडवा स्क्रू. इथल्या हवेत लाकूड तडकते, म्हणून ते आवळून धरण्यासाठी इशापूरने तो घातला. इंग्लंडच्या रायफलीवर तो दिसला तर ती भारतात दुरुस्त झाली असे मानायला चांगला आधार मिळतो. दुसरी खूण तांब्याच्या तारेची. रायफलीच्या पुढच्या भागावर तारेचे घट्ट वेटोळे, वर डाख. तोंडावर कप लावून हातगोळा फेकण्यासाठी वापरायच्या रायफलीला हा बंदोबस्त असे, कारण त्या धक्क्याने लाकूड फुटे. अशा रायफलींवर पुष्कळदा ई.वाय. असा ठसा मिळतो. याचा अर्थ, रोजच्या गोळीबारासाठी ती आता वापरायची नाही. डी.पी. हा ठसा त्याही पुढचा. तो कवायतीच्या रायफलीवर असतो, नळीला भोक पाडलेले किंवा आतली सुई काढलेली असते. १९४८मध्ये एनसीसी सुरू झाल्यावर महाविद्यालयांच्या मैदानांवर कित्येक पिढ्यांनी खांद्यावर घेतली ती ही. घरोघरच्या फोटोंत छात्राच्या हाती जी रायफल दिसते ती बहुधा गोळी न झाडणारी असते, हे फोटो वाचताना ध्यानात ठेवावे.

आणि मग मस्कट. बाहेरून हुबेहूब थ्री नॉट थ्री. मॅगझिनची जागा पाहिली तर आत लाकडी ठोकळा, नळीत आटे नाहीत, गुळगुळीत. इशापूरने पोलीस आणि तुरुंगरक्षकांसाठी मार्क तीनच्या रायफली .४१० बोअरच्या केल्या, एका वेळी एकच काडतूस भरायच्या. हेतू उघड होता. जमावावर आणि कैद्यांवर चालावी, पण हातातून गेली तर सैनिकी रायफल म्हणून कोणाला उपयोग होऊ नये. १८५८च्या गुळगुळीत नळीमागचा अविश्वास पाऊणशे वर्षांनी पुन्हा त्याच रूपात भेटतो. पंचनाम्यात हिची नोंद जेव्हा 'थ्री नॉट थ्री' म्हणून होते तेव्हा हा सगळा धागा तुटतो. नळीत नुसते पाहिले असते तरी पुरले असते.

कौटुंबिक आठवणींबद्दल थोडे बोलायला हवे. मावळ, मुळशी, सातारा, रत्नागिरीच्या कितीतरी घरांतले पुरुष पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेले. कुतच्या वेढ्यातही मराठे होते. पणजोबांनी तिकडून आणलेली रायफल, अशी कथा अशा घरांत ऐकू येऊ शकते. कथा आदराने ऐकावी, आणि मग धातूला विचारावे. समजा, सॉकेटवर जी.आर.आय., इशापूर आणि १९४२ असे आहे. मग ती मेसोपोटेमियात असणे शक्य नाही. समजा, सॉकेटवर १९१५ आहे. तरीही एवढेच सिद्ध होते की ती १९१५च्या आधी बनलेली नाही. नळीवरचे साल १९३८ असेल, तर त्या सालानंतर केव्हातरी ती आर्सेनलमध्ये दुरुस्त झाली, म्हणजे तोवर ती सरकारच्याच ताब्यात होती. सर्वांत अलीकडच्या भागाच्या सालाआधी शेवटची दुरुस्ती झालेली असू शकत नाही. याशिवाय शिपायाला रायफल स्वतःच्या मालकीची कधीच मिळत नसे. ती हरवणे हा कोर्टमार्शलचा गुन्हा होता. निवृत्त होताना पदके, बुटाची पेटी, कंबरपट्टा घरी येई, रायफल कोतात जमा होई. हे मांडल्याने पणजोबांचे शौर्य उणावत नाही. त्यांच्या सेवेचा पुरावा पदकाच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकात, नावात आणि पलटणीत असतो, आणि तो रायफलीपेक्षा भक्कम असतो.

एका माणसाशी जोडलेली रायफल सिद्ध कशी होते याचे चांगले उदाहरण लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. गॅलिपोलीत तुर्कांनी एसेक्स रेजिमेंटकडून घेतलेली मार्क तीन. तिच्यावर तुर्कांनी सोन्याने कोरलेला विजयलेख आहे. तुर्कांचा युद्धमंत्री एन्वर पाशाने ती अरब नेता फैसलला भेट दिली, फैसलने ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्सला. लॉरेन्सने दस्त्यावर आपली आद्याक्षरे आणि ४-१२-१६ ही तारीख कोरली. पुढे ती पंचम जॉर्जकडे गेली. इथे हस्तांतरांच्या खुणा त्याच वस्तूवर आहेत आणि बाहेरची कागदपत्रे त्या खुणांशी जुळतात. दोन्ही बाजू जुळल्या तरच नाव जोडायचे. कुठल्याही क्रांतिकारकाच्या, कुठल्याही पलटणीच्या नावाने रायफल दाखवली गेली तर हीच कसोटी लावावी.

काडतुसांचे वाचन मला व्यक्तिशः सर्वांत आवडते, कारण ते थेट आपल्या गावात येऊन थांबते. पुंगळीच्या बुडावर के आणि एफ, मध्ये बाणाचे टोक, दोन आकडी साल आणि सात हा आकडा. किर्की फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी. सात म्हणजे १९१०मध्ये आलेली मार्क सातची टोकदार, १७४ ग्रेनची गोळी. त्याआधीची मार्क सहाची गोळी गोल नाकाची आणि २१५ ग्रेनची होती. जड आणि हलक्या गोळीचा मार्ग वेगळा, म्हणून मागच्या साइटवरचे आकडेही बदलावे लागले. साइटचे पान कोणत्या गोळीसाठी आखले आहे हे पाहिले की रायफलीच्या वापराचा काळ आणखी घट्ट होतो. खडकीची पुंगळी ब्रह्मदेशापासून इटलीपर्यंत कुठेही सापडू शकते. १९६४मध्ये भुसावळजवळ वरणगावचा कारखाना उभा राहिला, त्याचा ठसा ओ.एफ.व्ही. हा ठसा दिसला की ती पुंगळी स्वातंत्र्यलढ्यातली नव्हे, एवढे तरी निश्चित.

ओळखण्यात दोन घोटाळे फार होतात. एक ७.६२चा. १९६२च्या युद्धानंतर इशापूरने ७.६२ मिमी काडतुसाची टू-ए आणि मग टू-ए-वन रायफल काढली. घाट मार्क तीनचाच, म्हणून पुष्कळ लोक ती जुन्या थ्री नॉट थ्रीचे रूपांतर समजतात. ते चूक आहे. ती नव्याने, नव्या पोलादाची बनवलेली रायफल आहे. चौकोनी, बारा गोळ्यांचे मॅगझिन आणि टू-ए-वनच्या साइटवर ८०० मीटरपर्यंतचे आकडे, या दोन खुणा पुरेशा आहेत. दुसरा घोटाळा .३१५च्या शिकारी रायफलीचा. तीही इशापूरची, बोल्ट तसाच, पण मुद्दाम लष्करी काडतूस बसू नये असा बोअर. परवान्यावर नागरिकांना मिळे ती ही. जुन्या वाड्यांत 'मिलिटरीची बंदूक' म्हणून जी दाखवली जाते ती पुष्कळदा हीच असते.

किंमत किती, हा प्रश्न शेवटी येतोच. भारतात त्याचे उत्तर बाजारात नाही. थ्री नॉट थ्री हा सैनिकी बोअर, म्हणून सामान्य परवान्यावर तो ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रच ठरतात, तेव्हा 'नुसता बोल्ट आहे', 'नुसती नळी आहे' या सबबीला अर्थ नाही. वारसाकडे असे शस्त्र आले तर कलम २१प्रमाणे ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो आणि परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून मोल ठरवायचे ते पुराव्याचे. ठसे किती वाचनीय, भाग किती मूळचे आणि किती अधिकृत दुरुस्तीचे, बाहेरचा कागद किती जुळतो. या मोलाला सर्वांत मोठा धोका चकाकीचा. एमरी पेपरने घासलेली, पॉलिश केलेली, वार्निश दिलेली रायफल डोळ्यांना सुंदर दिसते, पण ठशांच्या कडा गेलेल्या असतात. गंज थांबवायला तेलाचा हात पुरतो.

घाई करण्याचे कारण आहे. २००८च्या मुंबई हल्ल्यात काही पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्रीच होती, आणि त्यानंतर तिला निवृत्त करण्याची मागणी जोर धरू लागली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२०च्या संचलनात तिला औपचारिक निरोप दिला. निवृत्त शस्त्र नष्ट करावे लागते, ते योग्यही आहे. पण नष्ट करण्याआधी प्रत्येक रायफलीला दहा मिनिटे देता येतील. सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो, बॉडी, नळी, बोल्ट, नोजकॅप आणि साइट या पाच जागांचे क्रमांक जसे दिसतात तसे, खोडलेलेसुद्धा, नळीतले आटे मोजून, आणि नळीवरचे साल. आडवा स्क्रू, तार, ठोकळा आहे की नाही. दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी चकती असेल तर तिच्यावरचा मजकूर अक्षरशः उतरवून घ्यावा, कारण कोणत्या पलटणीने किंवा दलाने ती रायफल कितव्या नंबराने दिली होती याचा तो कधीकधी एकमेव लेख असतो, आणि पितळ भंगारात सगळ्यात आधी जाते.